इंग्रजी अर्धविराम आणि आपली मराठी सवय

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही अर्धविरामाचा नियम विचारला, तर तो बहुधा असा सांगेल : दोन छोटी वाक्ये उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असतील, तर पहिल्या वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावा. 'गाडी वेळेवर आली; पण पाहुणे आले नाहीत.' नियम सोपा आहे, परीक्षेत त्याला गुण मिळतात आणि छापील मराठी गद्यात तो आजही पाळला जातो. हाच विद्यार्थी पुढे इंग्रजी लिहू लागतो, सवयीने 'बट'च्या आधी अर्धविराम देतो आणि कोणी जाणकार संपादक तो खोडून तिथे स्वल्पविराम करतो. कारण इंग्रजीतला आजचा सर्वसाधारण नियम नेमका उलटा आहे. दोन वाक्यांमध्ये 'अँड', 'बट', 'सो' असे अव्यय असेल तर स्वल्पविराम पुरतो. अर्धविराम लागतो तो असे अव्यय नसताना.

हे चिन्ह आपण घेतले इंग्रजीकडूनच. मग नियम उलटा कसा झाला? मराठीने तो चुकीचा उचलला, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. आपण तो बरोबरच उचलला होता. नंतर इंग्रजी बदलली आणि आपण होतो तिथेच राहिलो. हा बदल कसा झाला हे समजून घेतले, की इंग्रजीतला अर्धविराम पाठ करण्याची गरज फारशी उरत नाही. शिवाय हे चिन्ह केवळ शुद्धलेखनाच्या वहीपुरते का नाही, हेही लक्षात येते.

श्वासाचे मोजमाप

छापील अर्धविरामाचा जन्म व्हेनिसचा. आल्डस मनुशियस या मुद्रक-प्रकाशकाने १४९६ साली पिएत्रो बेंबो या तरुण विद्वानाचे 'दे एत्ना' हे छोटेखानी लॅटिन पुस्तक छापले. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवरच्या चढाईविषयी बेंबो आणि त्याचे वडील यांच्यातला हा संवाद. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने नवे खिळे घडवले आणि त्यांत वर टिंब व खाली स्वल्पविराम अशी खूणही होती. तशा आकाराची खूण जुन्या लॅटिन हस्तलिखितांतही सापडते. पण तिथे ती शब्दांची लघुरूपे दाखवण्यासाठी येई. स्वल्पविराम अपुरा आणि अपूर्णविराम जास्त होतो अशा जागेसाठी ती वापरणे, ही व्हेनिसची देणगी.

त्या काळी वाचन म्हणजे बहुधा मोठ्याने वाचणे. विरामचिन्हे होती ती वाचणाऱ्याने कुठे आणि किती थांबावे हे सांगण्यासाठी. ही कल्पना इंग्रजीत पुढची अडीचशे वर्षे तरी टिकली. बिशप रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या प्रसिद्ध इंग्रजी व्याकरणात तर तिचे गणितच मांडलेले आहे : अर्धविरामाचा थांबा स्वल्पविरामाच्या दुप्पट, अपूर्णविरामाचा अर्धविरामाच्या दुप्पट आणि पूर्णविरामाचा अपूर्णविरामाच्या दुप्पट. म्हणजे एका पूर्णविरामात आठ स्वल्पविराम बसले. लाउथ यांनी या प्रमाणाची तुलना पाश्चात्त्य संगीतातल्या स्वरांच्या कालमानाशी केली आहे. आपल्याकडच्या वाचकाला मात्रा आणि अर्धमात्रा आठवतील.

आपली मराठी नावे याच कल्पनेतून आलेली दिसतात. स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम : चारही नावांत 'विराम' आहे आणि प्रत्येक विशेषण थांब्याचे माप सांगते. इंग्रजी नावांत ही सूचना नाही. 'कॉमा' आणि 'कोलन' हे ग्रीक शब्द मुळात वाक्याच्या तुकड्यांची नावे आहेत. 'कॉमा' म्हणजे तोडलेला तुकडा, 'कोलन' म्हणजे अवयव. इंग्रजी नाव वाक्याच्या रचनेकडे बोट दाखवते आणि मराठी नाव वाचणाऱ्याच्या श्वासाकडे. नावात एवढे काय आहे, असे वाटेल. पण 'अर्धा थांबा' म्हणून शिकलेला विद्यार्थी इंग्रजी लिहितानाही मनातल्या मनात थांबून पाहतो आणि थांबा जरा लांब वाटला की अर्धविराम देऊन मोकळा होतो. त्याच्या बऱ्याचशा चुका तिथून सुरू होतात.

कँडींची देणगी

इंग्रजी अमलापूर्वीच्या मराठी लेखनाला या चिन्हांची गरज नव्हती. पोथ्यांमध्ये ओवी किंवा श्लोक संपल्याची खूण म्हणून दंड येई. मोडीत लिहिलेल्या पत्रांत आणि बखरींत शब्दही सहसा सुटे लिहिले जात नसत, तिथे वाक्यांचे तुकडे पाडणे दूरच. वाक्य कुठे संपले हे क्रियापदावरून कळे आणि मराठीत क्रियापद सहसा शेवटी येत असल्यामुळे ते भागूनही जाई.

मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते सहभागी होते. पुढे पुण्यात त्यांनी शिक्षणखात्यात काम केले आणि शालेय पुस्तकांच्या मराठीवर त्यांचा हात फिरू लागला. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० चे. हे साल महत्त्वाचे आहे, कारण त्या काळचा सुशिक्षित इंग्रज आपल्या भाषेत 'बट'च्या आधी अर्धविराम सर्रास देत असे. सॅम्युअल जॉन्सन, एडवर्ड गिबन यांच्या गद्याची जुनी आवृत्ती उघडली, की पानोपानी तो दिसतो : एक पूर्ण विधान, अर्धविराम, मग 'बट' किंवा 'अँड', मग दुसरे विधान. तोल सांभाळत पुढे सरकणारे ते वाक्य असे आणि तोल बदलण्याच्या जागी अर्धविराम येई.

आपले नवे मराठी गद्य घडले ते याच इंग्रजीच्या सहवासात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली. त्यांनी जॉन्सनवर विस्ताराने लिहिले आणि वडिलांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर पुरे केले. त्या पिढीच्या लांब, तोलदार मराठी वाक्याला 'पण', 'परंतु', 'तथापि' यांच्या आधीचा अर्धविराम अगदी सोयीचा पडला. तो पाठ्यपुस्तकात शिरला, व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत बसला आणि तिथून हललाच नाही. आज आपण जो मराठी नियम म्हणून शिकतो, ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीची चाल आहे. खुद्द इंग्रजीत ती आता जुन्या पुस्तकांत पाहायला मिळते.

दरम्यान इंग्रजी वाक्य आखूड होत गेले. मोठ्याने वाचणे मागे पडले आणि मनात वाचणे हीच रीत झाली. डोळ्यांनी वाचणाऱ्याला किती थांबायचे यापेक्षा वाक्यातला कोणता भाग कोणाला जोडलेला आहे, हे कळणे अधिक गरजेचे असते. चिन्हांचे काम त्या दिशेने सरकले. अर्धविरामाच्या वाट्याला दोन निश्चित कामे उरली : दोन पूर्ण वाक्ये सांधणे आणि गुंतागुंतीच्या यादीत मोठी विभागणी दाखवणे.

काम पहिले : सांधणे

पहिल्या कामाची अट एकच आहे : अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे उभे राहू शकेल असे पूर्ण वाक्य हवे. 'द शॉप वॉज क्लोज्ड; वी वेंट होम.' अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम ठेवून पाहावा. दोन्ही तुकडे वाक्य म्हणून टिकले, तर अर्धविराम चालेल. एक जरी लंगडा पडला, तरी चालणार नाही. 'ऑल्दो द शॉप वॉज क्लोज्ड; वी वेटेड' हे म्हणूनच चूक, कारण 'दुकान बंद असले तरी' एवढ्यावर वाक्य संपत नाही. तिथे स्वल्पविरामच हवा. पुढे यादी येणार असेल, तर तिची सूचना देण्याचे कामही अर्धविरामाचे नाही, ते अपूर्णविरामाचे. आणि अर्धविरामानंतर येणारे वाक्य व्याकरणाने पूर्ण असले, तरी ते लहान अक्षरानेच सुरू होते. वाक्य अजून संपलेले नाही, हे त्यावरून कळते.

मग पूर्णविरामच का देऊ नये? पूर्णविराम दिला तर दुकान बंद असणे आणि घरी जाणे या दोन घटना लागोपाठ सांगितल्यासारख्या होतात. 'सो' घातले तर एक कारण आणि दुसरे कार्य, हे लेखकाने स्वतःच सांगून टाकले. अर्धविराम दिला तर या दोन गोष्टींचा संबंध आहे एवढेच लेखक सांगतो; कोणता संबंध, ते वाचकाने ओळखायचे. 'ही लेफ्ट; शी स्टेड.' तो गेला, ती राहिली. ती तो गेल्यामुळे राहिली, की तो गेला तरीही राहिली? अव्यय नसल्यामुळे वाक्य दोन्ही शक्यता उघड्या ठेवते. आता कळेल की इंग्रजीत अव्यय आणि अर्धविराम एकत्र का नांदत नाहीत. अर्धविराम हा तिथे न लिहिलेल्या अव्ययाच्या जागी उभा असतो. अव्यय लिहिले, की त्याचे काम संपले. याला एक सवलत आहे. दोन वाक्यांच्या पोटातच बरेच स्वल्पविराम असतील, तर वाचकाचा गोंधळ टळावा म्हणून 'बट' किंवा 'अँड'च्या आधीही अर्धविराम देतात.

सर्वांत जास्त चुका होतात त्या 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर' या शब्दांपाशी. अर्थाने 'हाउएव्हर' म्हणजे 'बट' आणि 'देअरफोर' म्हणजे 'सो'. म्हणून आपण त्यांना त्याच रांगेत बसवतो आणि आधी स्वल्पविराम देतो. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने मात्र हे शब्द जोडणारे नाहीत. ती क्रियाविशेषणे आहेत. ओळखायची खूण सोपी आहे : शब्द वाक्यात हलवून पाहावा. 'बट' दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीलाच राहतो, तिथून हलत नाही. 'हाउएव्हर' मध्ये नेता येतो, शेवटी नेता येतो.

ही खूण मराठी माणसाला अवघड वाटू नये, कारण मराठीत तिचा दाखला आहे. 'गाडी आली, पण पाहुणे आले नाहीत' यातला 'पण' जोडणारा आहे. तो दोन वाक्यांच्या मधली जागा सोडत नाही. 'गाडी आली. पाहुणे मात्र आले नाहीत' यातला 'मात्र' विरोध तोच दाखवतो, पण वाक्याच्या पोटात शिरून. 'मात्र'ने दोन वाक्ये जोडली जात नाहीत, नुसता सूर बदलतो. 'हाउएव्हर' हा 'मात्र'चा भाऊ, 'बट' हा 'पण'चा. म्हणून 'द ट्रेन केम; हाउएव्हर, द गेस्ट्स डिड नॉट' यात सांधण्याचे काम अर्धविराम करतो आणि 'हाउएव्हर' आपल्यापुरता एक स्वल्पविराम घेऊन पुढे उभा राहतो. अर्धविराम काढून तिथे स्वल्पविराम ठेवला, तर दोन पूर्ण वाक्ये सांध्याशिवाय नुसती चिकटवल्यासारखी होतात आणि इंग्रजीत ही मोठी चूक मानतात.

मराठीत ती चूक वाटत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. 'तो आला, बसला, चहा प्याला, निघून गेला' हे मराठीत निर्दोष आहे. त्याहूनही आपली खरी सोय धातुसाधितांची : 'घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून तो झोपला.' 'येऊन', 'येताच', 'आल्यावर', 'येता येता' ही रूपे दोन क्रियांचा संबंध प्रत्ययातच सांगून टाकतात. ज्या भाषेपाशी सांधण्याची इतकी साधने आहेत, तिला संबंध न सांगता जोडणाऱ्या चिन्हाची निकड कमी भासली तर नवल नाही. इंग्रजीत असे प्रत्यय थोडे; तिथे तो भार चिन्हावर येतो.

काम दुसरे : विभागणे

दुसरे काम यादीतले. पुणे, नाशिक, सातारा अशी सरळ यादी असेल तर स्वल्पविराम पुरतात. पण गावासोबत राज्यही सांगायचे असेल, तर 'पुणे, महाराष्ट्र, पणजी, गोवा, इंदूर, मध्य प्रदेश' असे लिहून भागत नाही. ही सहा नावे आहेत की तीन जोड्या, हे अनोळखी वाचकाला कळणार नाही. 'पुणे, महाराष्ट्र; पणजी, गोवा; इंदूर, मध्य प्रदेश' असे लिहिले, की जोड्या लागतात. स्वल्पविराम घरातल्या माणसांना वेगळे करतो, अर्धविराम दोन घरांना.

याचे आपल्या सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे भारतीय संविधानाची उद्देशिका. ती एकच वाक्य आहे. न्याय कोणकोणता, स्वातंत्र्य कशाकशाचे, समानता कशाची, हे तपशील प्रत्येक मूल्यामागे स्वल्पविरामांनी किंवा 'व'ने येतात आणि एक मूल्य संपून दुसरे सुरू होते तिथे अर्धविराम आहे. 'सामाजिक, आर्थिक' ही विशेषणे न्यायाची आहेत, 'विचार, अभिव्यक्ती' या गोष्टी स्वातंत्र्याच्या. कोणती कोणाची, याबद्दल शंका राहत नाही. शाळेच्या प्रार्थनेत मुले ती म्हणतात तेव्हा त्या जागी थांबतात. त्या थांब्यामागे अशी वाटणी आहे.

याच कामाचा एक असाधारण उपयोग मार्टिन ल्यूथर किंग यांनी केला. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी पत्र लिहिले, ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना उत्तर म्हणून. निदर्शनांची ही वेळ नव्हे, असे त्या धर्मगुरूंचे म्हणणे होते. किंग यांच्या पत्रात तीनशेहून अधिक शब्दांचे एक वाक्य आहे. कृष्णवर्णीय माणसाला रोज काय काय सोसावे लागते, त्याचा एकेक प्रसंग 'जेव्हा' म्हणून सुरू होतो आणि अर्धविरामापाशी संपतो. लगेच पुढचा 'जेव्हा' येतो. जमावाची हिंसा, पोलिसांचा मार, लहान मुलीला करमणुकीच्या बागेत प्रवेश का नाही हे समजावताना बापाची अडखळणारी जीभ : प्रसंगामागून प्रसंग येतात आणि मुख्य वाक्य मात्र येत नाही. ते येते अगदी शेवटी, की हे सारे भोगल्यावर आम्हाला थांबणे का जड जाते ते तुम्हाला समजेल. 'थांबा' असे सांगणाऱ्यांना किंग यांनी एक वाक्यभर थांबायला लावले. त्या जागी पूर्णविराम देता आला नसता, कारण 'जेव्हा'चे वाक्य अपुरे. आणि नुसते स्वल्पविराम ठेवले असते तर आतल्या स्वल्पविरामांत प्रसंग हरवले असते. व्याकरणाची गरज आणि मनातला सल, दोन्हींना तेच चिन्ह उपयोगी पडले.

कायद्याच्या पोटातली टिंबे

सांधणे आणि विभागणे ही दोन्ही कामे शेवटी एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : वाक्यातला कोणता भाग कोणाचा? कायद्याच्या भाषेत या प्रश्नावर बरेच काही अवलंबून असते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मद्यविक्रीच्या कायद्यातल्या एका कलमात आधी रात्री अकरा ते सकाळी सहापर्यंतची बंदी होती; मग अर्धविराम; मग रविवारची बंदी आणि लगेच एक सवलत, की खाणावळवाल्याने मुक्कामी पाहुण्यांना दारू द्यायला हरकत नाही. सवलत दोन्ही बंदींना लागू, की फक्त रविवारच्या? १९०० साली न्यायालयाने अर्धविरामाकडे पाहून निर्णय दिला : सवलत अर्धविरामापलीकडची, म्हणून फक्त रविवारपुरती. बॉस्टनच्या हॉटेलांत रात्री अकरानंतर पेला मिळेनासा झाला. लोक त्याला 'अर्धविरामाचा कायदा' म्हणू लागले आणि तो बदलायला १९०६ साल उजाडले.

बॉस्टनचे प्रकरण हसण्यावारी नेता येते. न्युरेंबर्गचे येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर खटला चालवण्यासाठी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी ८ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये करार केला आणि न्यायाधिकरणाची सनद ठरली. तिच्या सहाव्या कलमात 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ही संज्ञा होती. व्याख्येचे दोन भाग होते. पहिल्यात नागरिकांची हत्या, संहार, गुलामगिरी, हद्दपारी आणि इतर अमानुष कृत्ये, युद्धाच्या आधीची असोत वा युद्धकाळातली. दुसऱ्यात राजकीय, वांशिक वा धार्मिक कारणांवरून झालेला छळ. आणि त्यापुढे एक अट, की हे न्यायाधिकरणाच्या कक्षेतल्या दुसऱ्या एखाद्या गुन्ह्याच्या संदर्भात घडलेले असावे. ते दुसरे गुन्हे म्हणजे आक्रमक युद्ध आणि युद्धगुन्हे. इंग्रजी आणि फ्रेंच प्रतींत या दोन भागांच्या मध्ये अर्धविराम होता. रशियन प्रतीत स्वल्पविराम.

अर्धविराम वाचला, तर शेवटची अट फक्त छळाला लागू होते. मग हत्या आणि हद्दपारी ही १९३३ पासूनची, युद्धाशी संबंध नसलेलीही, न्यायाधिकरणापुढे आणता येतात. स्वल्पविराम वाचला, तर अट मागेपर्यंत पोचते आणि हत्येलाही युद्धाशी नाते सिद्ध करावे लागते. ६ ऑक्टोबर १९४५ रोजी बर्लिनमध्ये चारही राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एका छोट्या मसुद्यावर सह्या केल्या. रशियन प्रत बरोबर आहे आणि कराराचा हेतू लक्षात घेता अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम असावा, एवढेच त्यात ठरले. आरोपपत्रावरची तारीखही तीच आहे.

परिणाम निकालात दिसला. १९४६ च्या शरदात न्यायाधीशांनी नोंदवले, की युद्धापूर्वी जर्मनीत ज्यूंवर आणि राजकीय विरोधकांवर जे अत्याचार झाले ते भीषण होते; पण ते आक्रमक युद्धाच्या संदर्भात झाले, हे समाधानकारक रीतीने सिद्ध झालेले नाही. म्हणून १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची कृत्ये सरसकट मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवता येणार नाहीत. १९३८ च्या नोव्हेंबरातली ती रात्र, जिच्यात जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली, ज्यूंची दुकाने फोडली गेली आणि माणसे मारली गेली, तीही त्या रेषेच्या अलीकडे राहिली.

एका टिंबाने हे सारे घडवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लंडनच्या वाटाघाटींतच अमेरिकेचे मुख्य अभियोक्ते रॉबर्ट जॅक्सन यांनी सुचवले होते, की एखादे सरकार आपल्याच नागरिकांशी कसे वागते यात परक्यांनी पडावे ते त्याचा युद्धाशी संबंध असेल तेव्हाच. आपल्या देशातही अल्पसंख्याकांना कधी कधी अन्यायाची वागणूक मिळते, याची कबुली त्यांनी तिथे दिली होती. म्हणजे निर्णय माणसांचाच होता. पण तो कागदावर आणण्यासाठी त्यांना एक शब्दही बदलावा लागला नाही. एक टिंब काढणे पुरेसे झाले. युद्धाशी जोडलेली ती अट त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मनीतल्या नियंत्रण परिषदेच्या दहाव्या कायद्यात गाळली गेली आणि १९९८ च्या रोम सनदेतही ती नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत मधला मार्ग धरलेला आहे. १९५२ च्या एका निकालपत्रात न्यायमूर्ती मुखर्जी यांनी म्हटले, की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हे हे गौण साधन आहे. तरी कायदा काळजीपूर्वक चिन्हांकित केलेला असेल आणि अर्थाविषयी शंका असेल, तर त्यांना वजन द्यायला हवे. महाराष्ट्र सरकार पक्षकार असलेल्या १९७९ च्या एका प्रकरणात औषधांच्या कायद्यातला 'साठा करणे' याच्यापुढे स्वल्पविराम नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवले आणि नुसता साठा गुन्हा नसून विक्रीसाठीचा साठा गुन्हा आहे, असा अर्थ लावला. चिन्ह असण्याइतकेच त्याचे नसणेही बोलते.

लिहावा की टाळावा?

अर्धविरामाला शत्रू पुष्कळ. जॉर्ज ऑर्वेल यांनी हे चिन्ह अनावश्यक ठरवून 'कमिंग अप फॉर एअर' ही १९३९ ची कादंबरी त्याच्याशिवाय लिहिण्याचे ठरवले होते. कर्ट व्हॉनेगट यांच्या मते तो वापरून कॉलेजात गेल्याचे सिद्ध होते, बाकी काही नाही. उलट व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'मिसेस डॅलोवे'मधले मनातले विचार अर्धविरामांवरूनच एकातून दुसऱ्यात उतरतात. यात बरोबर-चूक नाही. पिंडाचा फरक आहे. ज्याला प्रत्येक गोष्ट सुटी करून सांगायची आहे, त्याला पूर्णविराम पुरेल. ज्याला दोन गोष्टी शेजारी ठेवून नाते वाचकावर सोपवायचे आहे, त्याला हे चिन्ह लागेल.

इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी माणसाने मग काय करावे? मराठी नियम मराठीत राहू द्यावा. तो जुना आहे, पण चुकीचा नाही आणि 'पण'च्या आधीच्या अर्धविरामाने आपल्या वाक्याचे काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र किती थांबावे हा प्रश्न सोडून द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत. दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य आहे का? मध्ये जोडणारे अव्यय आधीच नाही ना? आणि यादी असेल, तर कोणता तपशील कोणाचा हे डोळ्यांना दिसते का? बहुतेक जागांचा निवाडा या तीन प्रश्नांत होतो.

उलट दिशेनेही थोडे घेण्यासारखे आहे. आपल्या गद्यात 'पण', 'म्हणून', 'त्यामुळे', 'तर' यांची गर्दी असते. प्रत्येक नाते आपण उच्चारून सांगतो. कधी तरी अव्यय गाळून नुसता अर्धविराम ठेवून पाहायला हरकत नाही. 'त्याने पत्र फाडले; पाकीट जपून ठेवले.' मधे 'पण' घातला तर विरोध तेवढा कळतो. न घातला, तर पाकिटावर अक्षर कोणाचे होते, याचा विचार वाचक करू लागतो.